शुगर किती, आणि दिवस कसा?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, ते या गावाचे डॉक्टर होते. त्यांच्या पिढीसमोर देवी, पटकी, विषमज्वर असे आजार होते. आजार यायचा, औषध चालायचं, आणि माणूस एक तर बरा व्हायचा किंवा हाती लागायचा नाही. माझ्या पिढीच्या दवाखान्यात बाकावर बसलेला माणूस वेगळा आहे. त्याचा आजार जाणार नाही आणि नीट सांभाळला तर आजार त्याला लवकर नेणारही नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं दोघांना एकाच घरात काढायची आहेत. ती कशी काढायची, हा आजचा विषय आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यात 1 लाख 13 हजार लोकांचा समावेश होता. त्यावरून काढलेला अंदाज असा, की वीस वर्षांवरच्या भारतीयांपैकी 11.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 10 कोटी 10 लाख माणसांना मधुमेह आहे. आणखी 15.3 टक्के लोक उंबरठ्यावर उभे आहेत. राज्यांच्या यादीत सर्वांत वर नाव आहे ते आपल्या शेजारच्या गोव्याचं, 26.4 टक्के. तेव्हा मी आज परक्या कुणाच्या दुखण्याबद्दल बोलत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात, पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असणार.

दवाखान्यात आम्ही डॉक्टर एकच प्रश्न विचारतो: शुगर किती? रुग्णही फाइल पुढे सरकवतो. उपाशीपोटीची फास्टिंग इतकी, जेवणानंतरची पीपी इतकी, तीन महिन्यांची टेस्ट, म्हणजे एचबीए1सी, इतकी. माझं म्हणणं असं आहे, की याला जोडून दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय उपचार पुरा होत नाही: दिवस कसा जातो? मधुमेहाचा उपचार हे रुग्णाने रोज करायचं काम आहे. डॉक्टर कागदावर औषध लिहितो. ते आणणं, वेळेवर घेणं, जेवणाशी जुळवणं, चालायला जाणं, बोटाला टोचून रक्त तपासणं, पाय पाहणं आणि हे सगळं सणावारी, लग्नकार्यात, कामाच्या ठिकाणी निभावून नेणं, हे सारं रुग्णाकडे. या कामाचा भार किती आणि तो कुणावर पडतो हे मोजलं नाही, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तरही सुधारत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण उपचार आणि जगणं यांतला ताण या आजाराच्या इतिहासात अगदी सुरुवातीपासून आहे. इन्शुलिन मिळायच्या आधी लहान मुलांना होणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत टाइप-1 मधुमेहावर एकच उपाय होता, उपासमार. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाच्या डॉक्टरांनी तो शिस्तीने चालवला. मुलाला जेमतेम जगण्यापुरतं अन्न द्यायचं, म्हणजे लघवीत साखर उतरत नाही. रिपोर्ट चांगला यायचा आणि मूल हाडांचा सापळा व्हायचं. एलिझाबेथ ह्यूज ही पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या गृहस्थांची मुलगी. 1919 साली अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. तीन वर्षं ती या उपासमारीवर जगली. 1922 च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला इन्शुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेलं, तेव्हा पंधराव्या वर्षाला टेकलेल्या त्या मुलीचं वजन सुमारे 20 किलो होतं.

त्याच वर्षी 11 जानेवारीला टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं. बँटिंग यांचे सहकारी कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या इंजेक्शनाने गुण आला. एलिझाबेथला इन्शुलिन मिळालं आणि ती पोटभर जेवू लागली. ती शिकली, तिचं लग्न झालं, मुलं झाली, आणि 1981 साली त्र्याहत्तराव्या वर्षी ती गेली. तोवर तिने अंदाजे 42 हजार इंजेक्शनं घेतली होती.

या कथेचा उत्तरार्ध सहसा कुणी सांगत नाही. त्या काळी एवढ्या गाजलेल्या या रुग्ण मुलीने पुढे आयुष्यभर आपला मधुमेह लपवला. अगदी जवळची मोजकी माणसं सोडली तर तो कुणाला कळू दिला नाही, आणि वडिलांच्या कागदपत्रांतूनही त्याचे उल्लेख काढून टाकले. औषधाने तिला जवळजवळ साठ वर्षं दिली. आजार उघड सांगून जगण्याची मोकळीक मात्र कुठल्या कुपीत नव्हती. ती समाजाने द्यायची होती. आज आपल्याकडे इन्शुलिन घेणाऱ्या मुलीचं स्थळ पाहताना काय बोलणी होतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. मी जगण्याची बाजू घेतो म्हणून शुगरकडे दुर्लक्ष करा असं सांगतो आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. 1993 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 1,441 टाइप-1 रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर सांभाळली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटतो, हे त्यात सिद्ध झालं. ब्रिटनमधल्या टाइप-2 च्या, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाच्या 5,102 नव्या रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली आले. तिथे तीन महिन्यांच्या टेस्टमधला जेमतेम एक टक्क्याचा फरक डोळे आणि मूत्रपिंडं यांचे विकार चौथ्या हिश्शाने कमी करून गेला. म्हणजे साखर सांभाळायला हवी, यात वाद नाही.

पण याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट तपासली गेली, ती सभांमधून फारशी ऐकू येत नाही. उपचारांमुळे लोकांचं जगणं खालावतं का? ब्रिटनच्या अभ्यासात उत्तर असं आलं, की गोळ्या किंवा इन्शुलिन यांनी जगण्याची गुणवत्ता ढळत नाही. ती ढळते दोन गोष्टींनी: डोळे, हृदय, पाय यांच्यावर आजाराचा परिणाम झाला तर; आणि साखर वारंवार खाली घसरत असेल तर. कडक उपचारांचा धोका नेमका तोच असतो. 1993 च्या चाचणीत कडक उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर गंभीररीत्या घसरण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं.

पुढे 2008 साली दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दहा हजारांवर लोक होते. मध्यमवयीन किंवा उतारवयातले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. तीन महिन्यांची टेस्ट सहाच्या खाली आणायचा चंग बांधलेल्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसलं, आणि तो कडक उपचार मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हापासून जगभरच्या तज्ज्ञांनी एक आकडा सर्वांना लावणं सोडलं. तिशीतल्या, अंगाने धडधाकट माणसाला सात किंवा त्याखाली; पंच्याहत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजोबांना आठच्या आसपास चालेल, फक्त साखर घसरता कामा नये. आजोबांची टेस्ट 6.2 आली म्हणून घरात पेढे वाटू नयेत. ते पहाटे घामाघूम होऊन उठतात का, हे आधी विचारावं.

जगण्याची गुणवत्ता मोजता येते का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. येते, आणि त्याची मोजमापं शास्त्रशुद्ध आहेत. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रातून 1995 साली वीस प्रश्नांची एक यादी आली. आजाराने येणारा वैताग, भीती, अपराधी वाटणं, एकटेपण हे ती विचारते. 2010 साली दिल्लीत भारतीय रुग्णांसाठी 34 प्रश्नांची खास प्रश्नावली तयार झाली. तिच्यात पाश्चात्त्य याद्यांत ठळक नसलेले दोन विषय स्वतंत्रपणे आहेत: पैशांची चिंता आणि जेवणातलं समाधान. ज्यांनी ती तयार केली त्यांना आपली घरं माहीत होती.

अशा प्रश्नांतून एक अवस्था लक्षात येते, ती नैराश्याहून वेगळी आहे. माणूस हसतो, कामाला जातो, झोपतो. पण मधुमेहाचं नाव निघालं की कंटाळतो. 'किती करायचं? करूनही शुगर वाढतेच.' मग तो तपासणीला यायचं टाळतो. आम्ही त्याला बेफिकीर म्हणतो. खरं तर तो थकलेला असतो. खरं नैराश्यही मधुमेहींमध्ये इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं, त्याला वेगळे उपचार लागतात, आणि दोन्हींची विचारपूस व्हायला हवी.

आता एक दिवस जवळून पाहू. साधारण पन्नाशीची गृहिणी, एकत्र कुटुंब. सकाळी आठला ग्लिमेपिराइडची गोळी. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलं आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आठ वाजता बाईंनी अर्धा कप चहा घेतलेला असतो, कारण डबे व्हायचे असतात. नऊला मुलगा आणि सून निघतात. दहाला सासऱ्यांचा नाश्ता. त्यानंतर धुणं, भाजी, कुणी तरी दारात. एकला घरातल्यांची पानं वाढायची, गरम पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. सगळ्यांचं झालं, ओटा आवरला, की अडीचला बाई स्वतःचं ताट घेते.

बाराच्या सुमाराला हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते. साखर 70 च्या खाली गेलेली असते. बाई डब्यातला गुळाचा खडा, मग दोन बिस्किटं, मग उरलेली पोळी असं काहीबाही तोंडात टाकते. संध्याकाळी शुगर 280. डॉक्टर म्हणतात, तुम्ही पथ्य पाळत नाही. घरचे म्हणतात, तिला सांगून उपयोग नाही, चोरून गोड खाते. गोळीचा डोस वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता हात जरा जास्त थरथरतात.

या बाईचा रिपोर्ट तुम्ही कितीही वेळा पाहा, त्यात अडीच वाजता जेवण लिहिलेलं नसतं. 'तुम्ही किती वाजता जेवता?' एवढा प्रश्न विचारला, की गाठ सुटते. साखर अशी न घसरवणाऱ्या दुसऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. नाही तर त्याच गोळीबरोबर आठला भाकरी-भाजी पोटात गेली पाहिजे. पण त्यासाठी घराला एक नियम बदलावा लागतो: वाढणारी बाई सर्वांबरोबर पानावर बसेल. मी औषधाच्या कागदावर हे लिहून देतो आणि शक्य तेव्हा नवऱ्याला वाचून दाखवतो. तिथे औषधापेक्षा त्या ओळीला जास्त विरोध होतो.

साखर घसरली तर काय करायचं, हे या निमित्ताने सगळ्यांनी ऐकून ठेवा. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमी असेल तर पुन्हा द्या, आणि सावरल्यावर जेवायला बसवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

जेवणाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. आपलं सगळं लक्ष साखरेच्या डब्यावर. चहात साखर बंद केली, पुरणपोळी नाकारली, की पथ्य झालं. त्याच घरात एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर, कारण ती उपासाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; रक्तात त्याची साखर होते. उलट संक्रांतीच्या तिळगुळाच्या एका वडीवरून चारचौघांत माणसाचा अपमान होतो: 'काका, तुम्हाला चालतं का हे?' लग्नाच्या पंगतीत मधुमेही माणसाच्या ताटावर जितक्या नजरा असतात, तितक्या नवरदेवावरही नसतात. या पहाऱ्याने कुणाची साखर उतरल्याचं मी पाहिलं नाही. माणूस एकटा असताना खायला शिकतो, एवढं मात्र होतं.

त्यापेक्षा घराने ताट बदलावं. सर्वांचंच. भात निम्मा, उसळ आणि पालेभाजी दुप्पट, ताक, कोशिंबीर. एकट्या रुग्णासाठी वेगळा डबा झाला, की तो त्या घरात पाहुणा होतो. 'दोनदाच जेवा', 'भात सोडा', 'अमुक काढा प्या' असे सल्ले मोबाइलवर रोज येतात. काहींना त्यातलं काही लागूही पडतं. पण इन्शुलिन किंवा मघाची ती गोळी चालू असणाऱ्याने जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलल्या, तर परिणाम त्याच बाराच्या थरथरीत होतो.

आणि 'मी बारीक आहे, मला कसा मधुमेह?' या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यातून मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपण वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार असू शकतो. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या माता-बालकांच्या अभ्यासाने याची मुळं जन्माच्याही आधी, आईच्या पोषणात दाखवली. म्हणून मधुमेह झालेल्याला 'खादाडपणाचं फळ' म्हणून हिणवणं हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

इन्शुलिनकडे वळतो. 'डॉक्टर, सुई नको. सुई म्हणजे शेवटच.' हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. वीस वर्षांच्या मधुमेहानंतर स्वादुपिंडाची ताकद संपत येते. तेव्हा इन्शुलिन देणं हा पुढचा टप्पा आहे, रुग्णाला झालेली शिक्षा नव्हे. दुर्दैवाने आम्ही डॉक्टरच 'पथ्य पाळा, नाही तर सुई लावीन' असा दम देतो आणि मग रुग्ण घाबरला म्हणून तक्रार करतो. पेनची सुई आता चार मिलिमीटरची असते. बोटाला टोचण्यापेक्षा ती कमी दुखते.

भीती इन्शुलिनची नको, हलगर्जीपणाची असावी. आपल्याकडे दर मिलिलिटरला 40 युनिटची आणि 100 युनिटची अशा दोन ताकदीच्या कुप्या मिळतात. 40 च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या कुपीला नारिंगी टोपणाची. 100 चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. घरातल्या दोन माणसांना तरी हा फरक ठाऊक हवा. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनीही घाबरू नये. वापरात असलेली कुपी थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. विदर्भाच्या, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ती सांभाळता येते. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली कुपी मात्र टाकून द्यावी.

टाइप-1 च्या मुलांचं ओझं सर्वांत मोठं, कारण त्यांना इन्शुलिनला पर्यायच नाही. वर्गात साखर घसरली तर बिस्किट खायला परवानगी मागावी लागते. 2017 साली सीबीएसईने दहावी-बारावीच्या परीक्षेत या मुलांना फळ, चॉकलेट, खाऊ आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी असं कळवलं. इतकी साधी गोष्ट सांगायला परिपत्रक लागलं, यावरून शाळांमधलं वातावरण समजावं. छत्रपती संभाजीनगरची 'उडान' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. तिथे मुलं एकमेकांना भेटतात. आपल्यासारखी आणखी मुलं आहेत आणि ती उघडपणे सुई घेतात, हे पाहणं हाही एक उपचार आहे. एलिझाबेथच्या वाट्याला तो आला नव्हता.

ज्या गोष्टी दवाखान्यात कुणी बोलत नाही, त्या इथे बोलतो. मधुमेही पुरुषांत शारीरिक संबंधांतली अडचण सामान्य आहे. स्त्रियांत वारंवार होणारी खाज आणि जंतुसंसर्ग तितकाच. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्याची झोप होत नाही, आणि त्याच्याबरोबर झोपणाऱ्याचीही. या सगळ्यावर उपचार आहेत. रुग्ण लाजतो, डॉक्टरला वेळ नसतो, आणि संसारात अबोला वाढतो. जगण्याची गुणवत्ता या भारदस्त शब्दांत झोप आणि संसार या दोन्ही गोष्टी येतात.

आता पाय. मधुमेहात अनेकांच्या पायाची संवेदना हळूहळू जाते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, खडा टोचला तरी कळत नाही. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आलेल्या माणसाच्या तळव्यावर फोड असतात आणि तो म्हणतो, 'चटका बसलाच नाही.' दुखत नाही म्हणून तो फोड घेऊन आठवडाभर चालतो. वारीला जाणाऱ्या मधुमेही माउलींना माझी विनवणी आहे: मऊ पादत्राण आणि मोजे घालूनच चाला, रोज रात्री दिंडीच्या मुक्कामी बॅटरी लावून तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. संवेदना आहे की नाही, हे एका नायलॉनच्या दोऱ्याने दोन मिनिटांत तपासता येतं. एमसीआर चप्पल, म्हणजे मऊ रबराचा तळ असलेली चप्पल, पाय वाचवू शकते.

इथे पैशाचा प्रश्न येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही चांगली योजना आहे. पण ती मुख्यतः रुग्णालयात होणाऱ्या उपचारांसाठी आहे. पाय सडला, शस्त्रक्रिया करावी लागली, मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस लागलं, तर आधार मिळतो. पाय सडू नये म्हणून लागणारी चप्पल, घरी रक्त तपासायच्या पट्ट्या, दरमहाच्या गोळ्या यांचा खर्च बहुतेक घरांत खिशातून होतो. सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिनची गोळी मिळते. पण महिना संपायच्या आत साठा संपला, की शेतमजूर बाई एक दिवसाआड गोळी घेते. तिला कुणी बेफिकीर म्हणू नये.

नवी औषधं आली आहेत. हृदय आणि मूत्रपिंड यांना जपणारी एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी पूर्वी साठ रुपयांच्या घरात होती. मार्च 2025 मध्ये तिचं पेटंट संपलं, अनेक भारतीय कंपन्यांनी ती आणली आणि किंमत कोसळली. त्याच महिन्यात वजन आणि साखर दोन्ही उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं. तेव्हा ते महिन्याला हजारो रुपयांचं होतं. पहिल्या औषधाची गोष्ट सांगते, की चांगला उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणता येतो. दुसऱ्याच्या जाहिरातींना भुलून कुणी कर्ज काढू नये.

समारोपाकडे येतो. माझं सांगणं चौघांना आहे. माझ्या व्यवसायबंधूंना: दर भेटीत शुगरच्या जोडीला एक प्रश्न विचारा, 'यातलं सगळ्यांत जड काय जातं?' आणि पाय उघडून पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. घरच्यांना: ताटावर पहारा करू नका, ताटच बदला, आणि वाढणाऱ्या बाईला वेळेवर पानावर बसवा. शासनाला: गोळ्यांचा साठा अखंड ठेवा, इन्शुलिन घेणाऱ्यांना तपासणीच्या पट्ट्या द्या, आणि संवेदना गेलेल्या प्रत्येक पायाला एमसीआर चप्पल द्या. पाय कापण्याच्या खर्चापुढे ती चप्पल स्वस्त आहे.

आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांना: पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टच्या पाठीमागे तीन ओळी लिहून न्या. मी किती वाजता जेवतो, साखर कधी घसरते, आणि मला परवडत नाही असं यातलं काय आहे. डॉक्टर घाईत असले तरी त्या वाचून दाखवा. तुमचा उपचार ठरवायला त्या तीन ओळी तीन महिन्यांच्या टेस्टइतक्याच उपयोगी आहेत.